बुडालेली बोट, चौकशीचा अहवाल आणि कटाचा चित्रपट

माझगावकर

नमस्कार. गेल्या आठवड्यात ‘बाल्टिक स्टॉर्म’ हा २००३ सालचा चित्रपट पाहिला आणि तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न घर करून बसला आहे. तो येथे मांडतो.

ज्यांना विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एस्टोनियाची राजधानी टालिन येथून स्टॉकहोमला निघालेली ‘एस्टोनिया’ नावाची मोठी प्रवासी फेरीबोट २८ सप्टेंबर १९९४ रोजी मध्यरात्रीनंतर बाल्टिक समुद्रात बुडाली. बोटीवर ९८९ माणसे होती, त्यांपैकी ८५२ गेली. एस्टोनिया, फिनलंड आणि स्वीडन या तीन देशांच्या संयुक्त आयोगाने डिसेंबर १९९७ मध्ये अहवाल दिला. बोटीच्या नाकाडावरचे अवजड झडपेसारखे दार लाटांच्या माऱ्याने निखळले आणि गाड्यांच्या डेकवर पाणी शिरले, असा त्याचा निष्कर्ष आहे. चित्रपट मात्र वेगळेच सांगतो. ग्रेटा स्काक्की, युर्गन प्रोखनो आणि डोनाल्ड सदरलँड यांच्यासारखे कसलेले कलाकार घेऊन तो एका महिला पत्रकाराचा शोध दाखवतो, आणि सोव्हिएत लष्करी सामग्रीची चोरटी वाहतूक, गुप्तहेर संस्था आणि घातपात या दिशेने आपल्याला घेऊन जातो.

मी हे विचारतो आहे याला कारण आहे. दोन वर्षांपासून मी ‘रामदास’ बोटीवर पटकथा लिहीत आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. एका निर्मात्याने पटकथा मन लावून वाचली. ते म्हणाले, “लाट आली आणि बोट बुडाली, हे दोन तास कोण बघेल? महिना बघा, जुलै सत्तेचाळीस. स्वातंत्र्य तोंडावर आले आहे. एखादा घातपात घाला, मी उद्या पैसे उभे करतो.” माणूस वाईट नाही, आणि त्यांना विषयाबद्दल आस्थाही आहे. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही.

ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखावर असा काल्पनिक कट चढवणे योग्य आहे का? मोकळेपणाने लिहावे.

इंजिनरूम

मी तेहतीस वर्षे व्यापारी जहाजांवर अभियंता होतो आणि नंतर काही वर्षे जहाजांच्या तपासण्या केल्या. चित्रपट मीही पाहिला आहे. त्याची हाताळणी कशी आहे हे जाणकार सांगतील. मी त्या दाराबद्दल लिहितो, कारण सगळी गोष्ट त्या दारात आहे.

जर्मनीत १९८० साली बांधलेल्या या बोटीचे नाकाड वर उचलले जाणारे होते. शिरस्त्राणाची जाळी कपाळावर सरकवावी तसे ते वरच्या बिजागऱ्यांवर उघडायचे. वजन सुमारे ५५ टन. त्याच्या आत गाड्या चढवण्याचा रॅम्प उभा असायचा, तो बंद झाला की पाण्याविरुद्धची दुसरी भिंत व्हायची. आता लक्षात घ्या की बोट १४ नॉट्सच्या आसपास वेगाने समोरून येणाऱ्या सुमारे चार मीटरच्या लाटांवर चालली आहे. प्रत्येक लाट त्या नाकाडाला खालून वर ढकलते, आणि तो भार शेवटी तळाचे लॉक व बाजूची दोन लॉक यांच्यावर येतो. ती लॉक तेवढ्या भारासाठी बनवलेलीच नव्हती. ती तुटली. नाकाड पुढे कोसळले आणि कोसळताना आतला रॅम्प ओढून उघडून गेले, कारण रॅम्पचे वरचे टोक नाकाडातल्या एका पेटीवजा भागात बसत असे. म्हणजे पहिली भिंत पडताना दुसरीलाही घेऊन पडली.

गाड्यांचा डेक म्हणजे मध्ये एकही आडवी भिंत नसलेले लांबलचक दालन. ताटात घोटभर पाणी घेऊन ते हातात धरून चालून पाहा, ताट किंचित कलले की सगळे पाणी त्याच कडेला धावते. जहाजाचेही तेच होते. रात्री सव्वाच्या सुमारास दार गेले आणि एक वाजून पन्नास मिनिटांनी बोट रडारवरून नाहीशी झाली. पस्तीस मिनिटे. त्या वेळी बहुतेक प्रवासी खालच्या केबिनमध्ये झोपलेले होते आणि कललेल्या जिन्यांवरून वर येणे तरुण माणसालाही अवघड होते.

हे सगळे घडवायला कोणत्याही स्फोटाची गरज पडत नाही. मला या गोष्टीचे भय स्फोटापेक्षा अधिक वाटते.

शंकासुर

इंजिनरूम काका, आपल्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून मी विरोध नोंदवतो.

कटाची शंका घेणाऱ्यांना वेडे ठरवणे सोपे असते, पण या प्रकरणात त्यांना शंका घ्यायला लावले कोणी? तळाच्या लॉकचा बोल्ट बुडी मारणाऱ्या माणसांनी वर आणला आणि तो पुन्हा समुद्रात टाकून दिला. सर्वांत महत्त्वाचा पुरावा असा टाकून देतात का? स्वीडनच्या सरकारने बोट वर काढायची नाही असे ठरवले, नंतर ती काँक्रीटने झाकण्याचे काम सुरू केले आणि अर्ध्यावर सोडले. १९९५ मध्ये करार करून ती जागा दफनभूमी मानली आणि तेथे बुडी मारणे गुन्हा ठरवला. २००४ साली स्वीडनच्या दूरचित्रवाणीवर एका निवृत्त सीमाशुल्क अधिकाऱ्याने सांगितले की त्याच बोटीतून लष्करी सामग्री आणली जात होती आणि तपासणी न करता सोडण्याची सूचना होती. सरकारी चौकशीने पुढच्याच वर्षी ते खरे असल्याचे मान्य केले. चित्रपट त्याच्या आधीचा आहे. म्हणजे ज्या गोष्टीला लोक कल्पनाविलास म्हणत होते, तिचा एक भाग खरा निघाला.

२०२० मध्ये एका माहितीपटाच्या चमूने पाण्याखाली यंत्र पाठवले तर बोटीच्या उजव्या कुशीला सुमारे चार मीटर उंचीचे भगदाड दिसले. त्या चमूवर खटला भरला गेला, पण त्यांच्या चित्रीकरणामुळेच नवी तपासणी झाली. शंका घेणारे नसते तर ती झाली असती का, याचे उत्तर द्यावे.

इंजिनरूम

शंकासुर, आपण लिहिलेले बहुतेक तपशील खरे आहेत आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. मी फक्त त्यांची जोडणी तपासतो.

लष्करी सामग्रीची वाहतूक झाल्याचे चौकशीत निघाले ते १४ आणि २० सप्टेंबरच्या फेऱ्यांत. बोट बुडाली ती २७ च्या संध्याकाळी निघालेल्या फेरीत, आणि आधीच्या त्या सामग्रीतही स्फोटके नव्हती असे त्या चौकशीचे म्हणणे आहे. प्रवाशांनी भरलेल्या बोटीतून त्यांना अंधारात ठेवून लष्करी माल नेणे अत्यंत निंद्य आहे. परंतु दोन फेऱ्यांत माल होता म्हणून तिसऱ्या फेरीत बॉम्ब होता, ही उडी मला मारता येत नाही.

भगदाडाबद्दल बोलायचे तर नव्या तपासणीचा प्राथमिक अहवाल जानेवारी २०२३ मध्ये आला. टक्कर किंवा स्फोट झाल्याचे कोणतेही चिन्ह मिळाले नाही, आणि बोट तळाशी जेथे टेकली तेथे खडक आहे, त्यावर आदळून कूस फाटली असावी, असे त्यात म्हटले आहे. त्याच अहवालात एक गोष्ट आहे, तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. नियमाप्रमाणे नाकाडाची तपासणी झाली असती तर त्यातले दोष दिसले असते आणि बोटीला समुद्रात जाण्याचे प्रमाणपत्र मिळाले नसते. मी तपासनीस होतो. हे वाक्य वाचून मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. बोट तपासताना पुढचे दार उघडे असते, आत गाड्या चढत असतात, आगारातला माणूस घड्याळ दाखवत असतो, आणि हातात असलेल्या कागदावर त्या रकान्यात खूण करायला एक सेकंद लागतो.

गिरगावची_वकील

दोघांच्या चर्चेत दोन वेगळे आरोप एकमेकांत मिसळत आहेत, ते सोडवून पाहू.

पहिला आरोप असा की शासनाने लोकांपासून माहिती दडवली. दुसरा असा की कोणीतरी बोट मुद्दाम बुडवली. पहिल्या आरोपाला भक्कम पुरावा आहे, शंकासुर यांनी तो दिलाच आहे. दुसऱ्याला नाही. न्यायालयात पहिला सिद्ध झाला म्हणून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही, दोन्हींना आपापले साक्षीदार लागतात. चित्रपट मात्र पहिल्याच्या जोरावर दुसरा आरोप प्रेक्षकाच्या गळी उतरवतो, आणि तो इतका सहज उतरतो की आपण पुरावा मागायचे विसरतो.

असे असले तरी मी शासनाला मोकळे सोडणार नाही. ८५२ मृतांपैकी केवळ ९४ जणांचे देह मिळाले. बाकीच्यांच्या नातेवाइकांना सांगण्यात आले की तुमची माणसे तेथेच राहतील, आणि तेथे कोणी जायचे नाही. बोट पडली आहे ती सुमारे ८० मीटर खोलीवर, म्हणजे तंत्रज्ञानाला दुर्गम नाही. ज्या आईला आपल्या मुलाची चप्पलही परत मिळाली नाही तिला जर उद्या कोणी सांगितले की हे सारे गुप्तहेरांनी केले, तर ती विश्वास ठेवेल, आणि मी तिला दोष देणार नाही. अशा चित्रपटाला प्रेक्षक मिळवून देण्याचे काम सरकारी मौनानेच केले.

संकलक_दादर

मी चित्रपट संकलनाचे काम करतो, म्हणून माझगावकरांच्या निर्मात्याची बाजू आधी मांडतो. थरारपटाला चेहरा असलेला खलनायक लागतो. बोल्टला संवाद देता येत नाही, गंजलेल्या लोखंडाचा क्लोजअप घेऊन प्रेक्षकाला त्याचा राग येत नाही. कट आला की प्रत्येक दृश्याला कारण मिळते. फोन का वाजला, गाडी का मागे लागली, कागद कोणी पळवले, सगळे एका धाग्यात ओवले जाते. म्हणून लेखक तिकडे वळतात, त्यात दरवेळी लबाडी असतेच असे नाही.

पण ‘एस्टोनिया’च्या अहवालातच एक दृश्य होते आणि या चित्रपटाने त्याचे सोने केले नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. ब्रिजवर, म्हणजे जेथून जहाज चालवतात तेथे, नाकाड बंद आहे की उघडे हे सांगणारे दिवे होते. त्या दिव्यांची जोडणी अशी होती की नाकाड तुटून समुद्रात गेले तरी ते बंद आहे असेच दिवे सांगत राहतील. आणि ब्रिजवरच्या अधिकाऱ्यांच्या जागेवरून नाकाड डोळ्यांना दिसतच नव्हते. कल्पना करा, समोर दिवा शांतपणे ‘बंद’ दाखवतो आहे, खालून धातूवर धातू आपटल्याचे आवाज येत आहेत, कोणी तरी विचारतो की काय वाजते आहे, आणि दुसरा दिव्याकडे बघून सांगतो की सगळे ठीक आहे. या दृश्याला गुप्तहेराची गरज कुठे आहे? मी ते सात-आठ मिनिटे ताणले असते, एकही संगीताचा सूर न वापरता.

पेणकर

आपल्याकडच्या बोटींचा विषय निघाला म्हणून जोडतो. ‘रामदास’च्या आधी १९२७ च्या नोव्हेंबर महिन्यात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी कोकण किनाऱ्यावर एकाच वादळात गेल्या. आज त्यांचे नावही कोणाच्या तोंडी नाही.

भुलेश्वरची_मीना

पेणकर दादा, त्याच्याही आधीची ‘वैतरणा’ घ्या. आमच्या सासरी कच्छी मंडळी आहेत, ते तिला ‘वीजळी’ म्हणतात, कारण तिच्यावर विजेचे दिवे होते. १८८८ च्या नोव्हेंबरात मांडवीहून मुंबईला निघालेली ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली आणि पुन्हा कोणाला दिसली नाही. सातशेहून अधिक माणसे होती, त्यांत लग्नाची वऱ्हाडे होती, असे सासूबाई सांगत. लाकडाची फळीसुद्धा मिळाली नाही. मग त्या रिकाम्या जागी लोकगीते आली, दंतकथा आल्या, कप्तानाचे नाव अजरामर झाले. मुंबई इलाख्याच्या चौकशीत मात्र साधी गोष्ट निघाली, जीव वाचवण्याची साधने बोटीवर पुरेशी नव्हती. ते कोणी गाण्यात घातले नाही. सासूबाईंना गाणे पूर्ण पाठ होते, साधनांबद्दल त्यांनी कधी ऐकले नव्हते.

रेवसकर

मी येथे क्वचित लिहितो, पण हा धागा वाचून राहवले नाही.

माझ्या आजोबांचे थोरले बंधू ‘रामदास’वर होते. गिरणीत कामाला होते, सणाला गावी निघाले होते. त्या दिवशी दीप अमावस्या होती. आजी तेव्हा नवी नवरी. तिने सकाळीच घरातल्या सगळ्या समया, निरांजने, कंदिलाचे पितळी टाके चिंच आणि राखेने घासून, धुऊन पाटावर मांडले होते. पुरणाचे दिवे उकडायला ठेवले होते. आजोबा रेवसच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत उभे राहिले. दुपार झाली तरी बोट आली नाही, पावसामुळे उशीर झाला असेल असे सगळे म्हणत होते. मुंबईलासुद्धा बातमी कळली ती उशिरा, पोहत आणि होड्यांतून किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून. आजी सांगायची की दिवे लावायची वेळ झाली आणि कोणी काडी ओढेना.

आमच्या घरी आजही दीप अमावस्येला पाटावर एक समई जास्त मांडतात. ती त्यांची.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या एका चुलत काकांची मरेपर्यंत ठाम समजूत होती की बोटीला युद्धातला राहिलेला सुरुंग लागला. ते हे अगदी रंगवून सांगत. लहानपणी मलाही ते खरे वाटे. मोठा झाल्यावर याबद्दल वाचले, बचावलेल्या लोकांच्या हकीकती ऐकल्या. नैर्ऋत्येचा पाऊस, खवळलेला समुद्र, एका बाजूला कललेली बोट, घाबरून दुसरीकडे धावणारे लोक, आणि एक मोठी लाट. मी एकदा काकांना हे सांगितले. ते चिडले नाहीत. म्हणाले, “अरे, सुरुंग म्हटला की वाटते, कोणीतरी केले. लाट म्हटली की वाटते, आपण त्याला त्या दिवशी यायला नको म्हणायला हवे होते.” आजोबांनीच पत्र लिहून भावाला सणाला बोलावले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

माझगावकर, तुम्ही घातपात दाखवाल तर माझे काका असते तर त्यांना बरे वाटले असते. मला वाटणार नाही.

शंकासुर

रेवसकर, आपले लिखाण वाचून मी काल काही लिहू शकलो नाही.

तरीही माझी एक बाजू मांडायची राहिली आहे. दक्षिण कोरियाची ‘सेवोल’ १६ एप्रिल २०१४ रोजी बुडाली, ३०४ जण गेले, बहुसंख्य शाळकरी मुले. तेथेही पाणबुडीची धडक बसली अशा शंका निघाल्या. पालक रस्त्यावर बसले, वर्षानुवर्षे बसले. शेवटी २०१७ च्या मार्चमध्ये बोट समुद्रातून वर काढली गेली. जादा भरलेला माल, बोटीत केलेले बदल, बोट स्थिर ठेवण्यासाठी तळाशी भरतात ते पाणी कमी केलेले, या गोष्टी तर आधीच पुढे आल्या होत्या. पाणबुडीचा सिद्धांत टिकला नाही हे मी मान्य करतो. पण शंका घेणाऱ्या आईवडिलांनी हट्ट धरला नसता तर ती बोट वर आली नसती. म्हणून शंकेला हिणवू नये, एवढेच माझे म्हणणे. चित्रपटाने शंका उपस्थित करावी, निकाल देऊ नये, असे म्हटले तर इंजिनरूम काका मान्य करतील का?

इंजिनरूम

पूर्णपणे मान्य. आणि आपण ‘सेवोल’चे उदाहरण दिले हे उत्तम झाले.

मोरा_उरण_रोज

मी अकरा वर्षे रोज लाँचने मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला येतो. चित्रपट पाहिलेला नाही, पण १८ डिसेंबर २०२४ चा दिवस मला आठवतो. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तिच्या इंजिनाची चाचणी चालली होती. १५ जण गेले. एका प्रवाशाने काढलेला व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, ती बोट वळण घेत समोर येते आणि क्षणात सगळे संपते. संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर चार कट तयार झाले होते. माझ्या शेजाऱ्यांनी तर नकाशा काढून पाठवला. एकानेही विचारले नाही की प्रवाशांच्या अंगावर लाइफजॅकेट का नव्हते.

त्याच्या दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात मी ज्या लाँचने जातो तिच्यावर वर नजर टाकली. लाइफजॅकेट छताच्या फळ्यांना लावलेली होती, रंग उडालेली नारिंगी. उभे राहून एक ओढून पाहिले. सुतळीने बांधलेले होते, आणि छताला रंग देताना त्या सुतळीवरही रंग बसला होता. निळा तेलरंग. गाठ दगडासारखी. मी नखाने, मग घराच्या किल्लीने प्रयत्न केला, शेजारच्या बाईंनी डब्यातला चमचा दिला. मोऱ्यापासून निम्मे अंतर जाईपर्यंत एक गाठ सुटली नाही. तांडेलाला, म्हणजे लाँच चालवणाऱ्याला, सांगितले तर तो म्हणाला, चोरीला जातात म्हणून बांधली आहेत, आणि तोही खोटे बोलत नव्हता. त्या आठवड्यात आम्ही नेहमीच्या प्रवाशांनी लेखी तक्रार दिली आणि आता गाठीऐवजी पट्टे आहेत.

माझगावकर, तुमच्या निर्मात्यांना एकदा आमच्या लाँचवर घेऊन या.

गिरगावची_वकील

मोरा-उरण यांनी लिहिलेली निळी गाठ वाचून मला ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ आठवली. ६ मार्च १९८७, बेल्जियमचे झेब्रुगे बंदर. बोट पुढचे दार उघडे ठेवूनच निघाली आणि बंदराबाहेर पडताच कलंडली, १९३ जण गेले. दार बंद करणारा माणूस झोपला होता, ज्याने खात्री करायची तो दुसऱ्या कामावर गेला, आणि दार बंद झाले आहे हे कप्तानाला कळवण्याची पद्धतच नव्हती. कोणी काही कळवले नाही तर सारे ठीक आहे असे धरून चालायचे. चौकशीने कंपनीच्या वरच्या मंडळींपर्यंत सर्वांना दोषी धरले. सात वर्षांनी बाल्टिकमध्ये पुन्हा पुढचे दारच निकामी झाले.

कट म्हणजे काही माणसांनी मिळून, ठरवून, एखादी गोष्ट घडवणे. येथे अनेक माणसांनी, एकमेकांना न भेटता, न ठरवता, एकेक गोष्ट राहू दिली. माझ्या मते पटकथेत हे दाखवता येते. अवघड आहे, पण दाखवता येते.

वरळीचा_नाखवा

आमच्या समाजाची एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. ‘रामदास’ बुडाली त्या दिवशी रेवसहून मुंबईच्या बाजाराला मासळी घेऊन निघालेल्या होड्यांनी पाण्यातली माणसे पाहिली. त्यांनी टोपल्याच्या टोपल्या पापलेट समुद्रात ओतले आणि त्या जागी माणसे घेतली. पावसाळ्यातला पापलेट म्हणजे काय भावाचा माल, हे कोळ्याला विचारावे. त्या खवळलेल्या पाण्यात भरलेली होडी रिकामी करताना ती उलटायची भीतीही असते. घातपात करणारा एक काल्पनिक माणूस शोधायला लेखकाला वर्षभर लागेल. ही माणसे खरी होती, त्यांना पडद्यावर दहा मिनिटे तरी द्यावीत.

संकलक_दादर

नाखवा, चांदीसारखी मासळी पाण्यात परत जाते आहे आणि त्याच पाण्यातून हात वर येत आहेत. हे दृश्य मला कोणी दिले तर मी मानधन न घेता कापून देईन.

माझगावकर

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले याबद्दल आभार मानायला शब्द अपुरे आहेत. काल निर्मात्यांना भेटून आलो. हा धागा छापून नेला होता. त्यांनी चहा गार होईपर्यंत वाचला. निळ्या गाठीपाशी थांबले, मग रेवसकरांच्या काकांचे वाक्य दोनदा वाचले.

घातपात नाही, एवढे ठरले. पण शंका राहणार आहे. शंकासुर यांचे म्हणणे पटले, म्हणून सुरुंगावर विश्वास असलेला एक काका कथेत असेल आणि कोणीही त्याला खोटे पाडणार नाही. शेवटी आपल्याला कळेल की पत्र कोणी लिहिले होते. पैशांचे अजून नक्की नाही, त्यांना दोन महिने हवे आहेत. इंजिनरूम काका, बोट कलताना पाणी आणि माणसे कशी सरकतात हे मला बसून समजून घ्यायचे आहे. आपण वेळ दिलात तर मी कधीही येईन.

रेवसकर, एक विनंती आहे. ती जास्तीची समई मला कथेत घ्यायची आहे. आपल्या घरच्यांची परवानगी असेल तरच.

रेवसकर

आईला विचारले. ती म्हणाली, घ्या, पण समई आधी बघून जा, लोक चित्रपटात भलतीच नक्षीदार दाखवतात. आमची साधी आहे, पाच वातींची, एका बाजूला थोडी चेपलेली. येत्या दीप अमावस्येला घरी या. पावसाळा असेल, लाँच सुटते आहे का ते धक्क्यावर विचारूनच निघा, आणि सुटणार नसेल तर पेणवरून रस्त्याने या. पुरणाचे दिवे असतील.